चिडचिड सिस्टिमची की हाताच्या वळणाची?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर दुरुस्त करा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात झेरॉक्स-डीटीपीचं दुकान, दोन कॉम्प्युटर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि तुमची मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसेनात. म्हणून एकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम घालून घेतलंत. पंधरा वर्षं डीटीपी करणारे तुमचे ऑपरेटर दोन महिने झाले तरी वैतागलेलेच, "प्रत्येक कामाला दुप्पट वेळ, हे दुकानाच्या कामाचं नाही" म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेली मुलगी त्याच मशीनवर बिनबोभाट काम करते. वर पाहुण्यांचा सल्ला, की सेकंडहँड मॅक घ्या, कटकट संपेल. तुम्ही विचारताय, लिनक्स खरंच वाईट आहे की आमच्या माणसाला सवय नाही, आणि परत फिरावं का.

कुठली सिस्टिम चांगली हा वाद बाजूला ठेवू, तो संपत नाही. ऑपरेटरच्या तक्रारींपैकी कुठल्या महिन्याभरात आपोआप विरतील, कुठल्या एका सेटिंगनं जातील आणि कुठल्या कधीच जाणार नाहीत, एवढं कळलं की दुकानाचं भागतं. अडचण अशी, की तिन्ही प्रकार तोंडातून बाहेर पडताना एकच वाक्य होतं: "यात होत नाही." पुष्कळ गोष्टी तुमचा प्रिंटर कुठला, जुन्या फायली कुठल्या फाँटात आणि दुकानात कुठली यंत्रं जोडलेली यावर अवलंबून आहेत. तिथे मी तसं सांगेन.

आधी त्या दोघांचं बघू. जुनी बुलेट आठवते? गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिल्यांदाच गाडी शिकणाऱ्याला त्याचं काही वाटत नसे. पण दुसरी मोटारसायकल दहा वर्षं चालवलेला माणूस तिच्यावर बसला की ब्रेक मारायच्या जागी गिअर दाबायचा. अडचण त्याच्या कसबाचीच. तुमच्या ऑपरेटरचं तेच चाललंय. त्यांचे हात डोक्याला न विचारता चालतात आणि म्हणूनच चुकतात. मुलीला विसरायचं असं काही नव्हतंच. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑस्गुड यांनी १९४९ मध्ये यावर नेमकी मांडणी केली होती: समोरची परिस्थिती जुन्यासारखीच आणि द्यायचा प्रतिसाद मात्र वेगळा, अशा वेळी जुनं शिकलेलं सगळ्यात जास्त आडवं येतं. परिस्थितीच पूर्ण वेगळी असली तर तेवढा त्रास होत नाही. मोबाइल हातात घेतल्यावर "यात स्टार्ट बटन कुठं?" असं कुणी विचारत नाही, ते यामुळेच.

मिंट दिसायला विंडोजच्या जवळ ठेवलेलं आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. कंट्रोल-सी, ऑल्ट-एफ४, एफ२ नं नाव बदलणं, विंडोज कळ आणि ई नं फोल्डर उघडणं, विंडोज कळ आणि डी नं डेस्कटॉप दाखवणं, सगळं तसंच. त्यामुळे हात निर्धास्त होतात आणि पुढच्या फरकाला ठेचकाळतात. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की टास्क मॅनेजरचा रस्ता अपेक्षित असतो. मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये लॉग-आउट करायचं का असं विचारणारी चौकट येते. विंडोज कळ आणि एल दाबून स्क्रीन लॉक करायला जावं, तर लुकिंग ग्लास नावाची प्रोग्रामरांच्या उपयोगाची खिडकी उघडते. लॉक कंट्रोल-ऑल्ट-एल वर आहे. मजकूर सिलेक्ट करून माऊसचं चाक दाबलं की तो तिथेच पेस्ट होतो. चाक फिरवताना बोट जरा जड पडलं की अर्जाच्या मधोमध भलतीच ओळ घुसते आणि ऑपरेटर म्हणतात, "हे आपोआप काहीतरी टाइप करतंय." फाइलच्या इंग्रजी नावातलं मोठं आणि लहान अक्षर इथे वेगळं धरलं जातं, म्हणून मोठ्या पी ची पत्रिका आणि लहान पी ची पत्रिका अशा दोन फायली शेजारी नांदतात आणि दुरुस्ती एकीत करून छपाई दुसरीची निघते.

यातलं शॉर्टकटचं दुखणं अर्ध्या तासात जातं. मेनूमधून कीबोर्ड उघडा, शॉर्टकटच्या पानावर लॉक स्क्रीनला विंडोज-एल द्या आणि सिस्टिम मॉनिटर उघडायला कंट्रोल-शिफ्ट-एस्केप द्या. "नवीन आहे, नवीन शिका" असा हट्ट धरणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना हाताला नवं वळण लावत बसण्यात काही पुण्य नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. विंडोजवर प्रिंट अडकली तर ऑपरेटर कुरकुर न करता स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सोय) बंद-चालू करतात, नाहीतर मशीन रीस्टार्ट करतात. अपडेट मधेच सुरू झालं तर चहा पिऊन येतात. हा वेळ कुणी हिशेबात धरत नाही, कारण उपाय माहीत असतो आणि माहीत असलेला त्रास त्रास वाटत नाही. मिंटवर तीच प्रिंट अडकली की कारण कळत नाही, उपाय सुचत नाही, आणि दोष थेट लिनक्सला. पंधरा वर्षं मुरलेल्या उपायांशी दोन महिन्यांच्या ओळखीची तुलना होते आहे. हे लिनक्सपुरतंही नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटन गेलं तेव्हा विंडोजचेच लोक भडकले होते, आणि पुढच्या वर्षी ८.१ मध्ये ते बटन परत आणावं लागलं. विंडोज ११ मध्ये उजव्या क्लिकचा अर्धा मेनू "आणखी पर्याय"च्या मागे गेला, त्यावरही लोक कुरकुरतातच. म्हणजे तुम्ही विंडोज ११ चं नवं मशीन आणलंत तरी पहिले काही आठवडे तक्रारी ऐकाव्याच लागतील, फक्त शिव्या दुसऱ्याला पडतील.

आणि कालपर्यंत दुकानात ज्यांना सगळे विचारायचे, त्यांना आज सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीला विचारावं लागतं. "तिला जमतंय, तुम्हाला का नाही" हे वाक्य चुकूनही काढू नका.

आता टायपिंग. आपल्या भागात खरी डोकेदुखी हीच आहे आणि बाहेरच्या सल्ल्यांत तिचा पत्ताच नसतो. सकाळी नाडकचेरीसाठी (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) कन्नड अर्ज, दुपारी चंदगडकडच्या गिऱ्हाइकाचा मराठी अर्ज, संध्याकाळी लग्नपत्रिका, मधे इंग्रजी बायोडेटा. एकाच हाताला तीन लिप्या. त्यातून बहुतेक दुकानांत कन्नड नुडी या सॉफ्टवेअरवर आणि मराठी श्रीलिपी या पॅकेजवर नाहीतर टाइपरायटरच्या मांडणीवर, म्हणजे दोन भाषांची दोन वळणं आधीच बसलेली. मिंटमध्ये कुणीतरी मराठी म्हणून इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी लावून दिलेली असते आणि हात अडखळू लागतात. उदाहरण घ्या. नुडीच्या मांडणीत इंग्रजी एफ वर हलन्त आहे, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची कळ. इनस्क्रिप्टमध्ये एफ वर पहिली वेलांटी आणि हलन्त डी वर. नुडीत डी वर द येतो, इनस्क्रिप्टमध्ये द साठी ओ. दोन कळांची अशी फिरवाफिरव झाली की शब्दागणिक चूक होते.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. ज्यांचा हात नुडीला सरावलाय त्यांना मिंटच्या कीबोर्ड-लेआउटच्या यादीत "मराठी (कागापा, फोनेटिक)" शोधून द्या. कागापा म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडी तयार करणारी संस्था. त्यांची मांडणी के. पी. राव यांच्या कन्नड कीबोर्डवरून आलेली. तीच मांडणी लिनक्समध्ये कन्नड, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा चारही भाषांसाठी तयार मिळते. कन्नडसाठी बसलेलं वळण मराठीला जसंच्या तसं चालतं, ही सोय सीमाभागातल्या दुकानांना सोन्यासारखी आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरी वाट इनस्क्रिप्टची. नवीन मुलीला हीच शिकवा. इनस्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरं एकाच जागी ठेवलेली आहेत: के वर क, जे वर र, एल वर त, एच वर प, शिफ्ट-एन वर ळ, मग लिपी देवनागरी असो वा कन्नड. कन्नडला ऱ्हस्व ए आणि ओ च्या मात्रा जास्त लागतात, त्या झेड च्या आणि आकडा १ च्या डावीकडच्या कळेवर मिळतात. मराठीतला तऱ्हा, दऱ्या यांतला अर्धा र काढायला शिफ्ट-जे आणि मग डी. हे एकदा बसलं की विंडोज, मिंट, मॅक कुठेही तेच चालतं, पुढच्या वेळी सिस्टिम बदलली तरी हात बदलावा लागत नाही. पण पंधरा वर्षं मुरलेल्या ऑपरेटरवर हे लादू नका, त्यांना कागापा द्या. टाइपरायटरवर शिकलेला कुणी असेल तर आयबस नावाच्या सोयीत हिंदीच्या यादीत रेमिंग्टन मांडणी मिळते.

भाषा बदलायची कळ दोन्ही मशीनवर एकच ठेवा. विंडोजमध्ये ऑल्ट-शिफ्टची सवय असेल तर मिंटमध्ये लेआउटच्या पर्यायांत जाऊन तीच निवडा. आणि लेआउट तीनच ठेवा, इंग्रजी, मराठी, कन्नड. चौथा घातला की कळ किती वेळा दाबायची याचा हिशेब चुकतो आणि चूक ओळ संपल्यावर लक्षात येते. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारे असतील तर त्यांना आधीच सांगा: विंडोज १० मध्ये २०१९ च्या अपडेटपासून आलेला फोनेटिक कीबोर्ड शब्द सुचवतो, लिनक्समधला आयट्रान्स सुचवत नाही, तो नियमानं चालतो. ळ साठी मोठा एल, ण साठी मोठा एन द्यावाच लागतो.

आता ज्या तक्रारी सिस्टिमच्या वाटतात पण सेटिंगच्या असतात त्या.

"छापताना खालची ओळ कापली जाते." मिंट घालताना भाषा म्हणून अमेरिकी इंग्रजी निवडली असेल तर कागद लेटर मापाचा धरला जातो. लेटरची उंची २७९ मिलिमीटर, ए४ ची २९७. भाषांच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत करा, मग लिबरऑफिसमध्ये आणि प्रिंटरच्या गुणधर्मांतही ए४ झालंय का ते बघा. तिन्हीकडे बघावं लागतं. प्रदेश भारत केला की तारखांचा क्रमही दिवस-महिना-वर्ष होतो.

"वर्डची फाइल उघडली की एका पानाची दोन पानं होतात." विंडोजचे कॅलिब्री, केंब्रिया, मंगल हे फाँट मिंटमध्ये नसतात. पहिल्या दोघांना त्याच मापाचे पर्याय आहेत, कार्लिटो आणि कॅलाडिया. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घाला, इंग्रजी पानं जागेवर येतील. मंगलच्या जागी मात्र दुसऱ्याच उंचीचा फाँट येतो आणि ओळी सरकतात. नवीन सगळं काम 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो देवनागरी' अशा नावांच्या मोफत फाँटात करायचं ठरवा आणि तोच फाँट दोन्ही मशीनवर घाला. लिबरऑफिसमध्ये मराठी-कन्नडचा मूळ फाँट आणि आकार सीटीएल (जोडाक्षरांच्या लिप्यांचा गट) या नावाखाली वेगळा ठरवावा लागतो; नुसता इंग्रजीचा बदलून मराठी बदलत नाही.

"डी ड्राइव्हमध्ये सेव्ह होत नाही" आणि "घड्याळ साडेपाच तास मागं पडतं" या दोन तक्रारी एकाच मशीनवर विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवल्यावर येतात. पहिलीचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप: शट डाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि मग लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांतून ते बंद करा. तोवर शिफ्ट दाबून शट डाऊन करा. दुसरीत लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. आपल्यात आणि जागतिक वेळेत साडेपाच तासांचं अंतर, तेवढंच मागे. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला एकदा सांगितलं की मिटतं, टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम आहे.

आता जे खरोखरच होत नाही ते. इथे सवयीला बोल लावू नका, ऑपरेटर बरोबर आहेत. पानं मांडायच्या पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची आणि त्या काळच्या विंडोज-मॅकसाठीची. मिंटवर तिच्या भरवशावर धंदा करू नये. श्रीलिपीचं डोंगलवालं जुनं पॅकेज, टॅली आणि कोरल यांचं तेच. आधारसाठी अंगठा घेणारं यंत्र असेल तर त्याची आरडी सर्व्हिस (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक कंपन्या विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच देतात. डिजिटल सहीच्या टोकनचं मॉडेलनुसार बदलतं. प्रिंटरमध्ये एचपी लेझरजेट १०२० सारख्या मॉडेलना कंपनीचं वेगळं प्लग-इन घातलं की ते चालतात. कॅनन एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाच्या स्वतःच्या पद्धतीनं बोलतो, लिनक्सवर तो बसवणं कष्टाचं आणि टिकेल याची खात्री नाही. तो असेल तर विंडोजच्या मशीनलाच जोडा आणि मिंटवरून पीडीएफ करून पाठवा.

जुन्या फाँटातल्या फायली म्हणजे वेगळंच प्रकरण. श्रीलिपी, कृतिदेव, जुनी नुडी यांतला मजकूर युनिकोड नसतो. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत, वर देवनागरी किंवा कन्नड आकार. फाँट नसला की पडद्यावर इंग्रजी खिचडी दिसते. फाँटची फाइल मिंटमध्ये दोनदा क्लिक करून इन्स्टॉल केली की बहुतेक वेळा वाचता येतं आणि छापताही येतं, दुरुस्त करणं मात्र जिकिरीचं. वरचेवर लागणारे अर्जांचे नमुने तेवढे युनिकोडमध्ये बदलून घ्या, बाकीचे राहू द्या. आणि बदलल्यावर रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर तिथेच घसरतो.

निवाडा करायला काउंटरवर एक वही ठेवा. पंधरा दिवस ऑपरेटरनं अडलेली प्रत्येक गोष्ट लिहायची, पण "होत नाही" असं नाही. काय करायचं होतं, कुठली कळ दाबली, काय झालं, शेवटी काम झालं का. चार रकाने. पंधरा दिवसांनी वही घेऊन बसा. ज्या ओळीत काम झालं पण उशिरा, ती सवय. तीच ओळ दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आली नसेल तर सोडून द्या. रोज येत असेल तर त्या जागी शॉर्टकट किंवा सेटिंग बदला. ज्या ओळीत काम शेवटी दुसऱ्या मशीनवर न्यावं लागलं, ती खरी उणीव. वेळही मोजा, पण रोजच्याच कामाचा: एक पानी मराठी अर्ज टाइप करून छापून हातात पडेपर्यंत. पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी. "दुप्पट वेळ" हा आकडा वैतागाच्या भरात फुगतो, घड्याळ लावल्यावर किती उरतो ते बघा.

माझं मत विचाराल तर पूर्ण मागे फिरू नका आणि पूर्ण पुढेही जाऊ नका. तुमच्या ऑपरेटरचं मोलाचं काम पेजमेकर-श्रीलिपीत असेल तर विंडोजचं मशीन त्यांचं, आणि मिंट ऑनलाइन अर्ज, दाखले, उतारे, बायोडेटा आणि मुलीसाठी. ही कामं ब्राउझरमध्ये होतात, तिथे कुठल्या सिस्टिमवर आहोत हे विसरायलाही होतं. विंडोज १० ची वाढीव मुदतीच्या अपडेटसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. त्यानंतर ते मशीन इंटरनेटपासून तोडा, फायली पेनड्राइव्हनं न्या. तोवर एखादं इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरचं आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असलेलं जुनं मशीन मिळालं तर विंडोज ११ चा प्रश्नही सुटतो.

पाहुण्यांच्या मॅकबद्दल थोडक्यात. मशीन उत्तम, पण तुमच्या दुकानाचं दुखणं त्यानं वाढेल. कंट्रोलची कामं कमांड कळेवर, म्हणजे करंगळीऐवजी अंगठ्यावर. लाल बटनानं खिडकी बंद होते, प्रोग्राम चालूच राहतो. फाइलवर एंटर मारलं की ती उघडत नाही, नाव बदलायला तयार होते. फाइल हलवायची तर कमांड-एक्स चालत नाही, कॉपी करून ऑप्शन-कमांड-व्ही. विंडोजची एनटीएफएस हार्डडिस्क वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. आणि पेजमेकर, टॅली, अंगठ्याचं यंत्र या अडचणी तिथेही उभ्याच.

प्रिंटरचं मॉडेल, अंगठ्याच्या यंत्राची कंपनी आणि कन्नड कुठल्या नुडीत टाइप करता, जुन्या फाँटात की युनिकोडमध्ये, एवढं कळवा. त्या तीन गोष्टींवर कुठलं मशीन कुणाला द्यायचं ते पक्कं सांगता येईल.